बस्त्यावचं वल्हं

ठाण्याहून आगगाडीने कल्याणला जायचं, तिथून होडीने खाडीखाडीने कोलशेतला उतरायचं आणि बैलगाडीने घरी यायचं, असा बेत कुणाच्या मनात असेल तर त्याने हे आधी वाचावं. हवा पालटायला म्हणून उत्तम प्रवास आहे. मी मात्र हवा पालटायला गेलो नव्हतो. मला आमच्या विगारांनी पाठवलं. विगार म्हणजे आमच्या देवळाचे मुख्य पाद्री, आणि देऊळ म्हणजे चर्च. आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो.

झालं असं. फार वर्षांपूर्वी, फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य जाऊन मराठ्यांचं आलं त्या धामधुमीत, पाद्री लुकास नावाच्या एका धर्मगुरूंना कुणा अंमलदाराने सांगितलं, की गळ्यातला क्रूस काढून फेक नाहीतर मान दे. त्यांनी मान दिली. धर्मासाठी असा जीव देणाऱ्याला आम्ही रक्तसाक्षी म्हणतो. त्यांच्याबरोबर त्यांचा तरुण नावाडी बस्त्याव हाही मेला, कारण तो स्वामीला सोडून जाईना. हे सगळं कल्याणच्या बंदरावर घडलं, असं आमच्याकडे सांगतात. आणि हा बस्त्याव म्हणजे आमचा मूळपुरुष. उगाच नाही आम्ही देवळात पहिल्या बाकावर बसत!

पाद्रीसाहेबांच्या सणाला एक लाकडी होडी मिरवतात. ती आमच्याच घरच्या माणसाने डोक्यावर घ्यायची. होडीत दोन बाहुल्या, एक पाद्री आणि एक बस्त्याव, दोघांच्या हातात रक्तसाक्षीची खूण म्हणून माडाची इवलीशी झावळी. आमचा बापूस सुतार. दरवर्षी सणाआधी तो दोघांना रंग देतो. त्यात बस्त्याव दरवर्षी थोडा गोरा होतो, मिशा थोड्या दाट होतात, आणि उरलेल्या रंगात तो पाद्रीसाहेबांचं भागवतो. गेल्या सणाला तर पाद्री लुकासच बस्त्यावकडे नोकरीला असावेत असं वाटत होतं.

आता देवळात दोघांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. पण बिशपसाहेबांचं पत्र आलं, की आधी जिथे घडलं तिथल्या लोकांच्या जबान्या आणा. विगार मला म्हणाले, "इनास, तू कचेरीत कारकून. लोकांकडून हवं ते वदवून घ्यायची तुम्हा लोकांना सवय असते." मी नाही म्हणणार होतो. पण बापूस पावसाळ्यापासून खोकतोय, वैद्याने नुसतीच मान हलवलेली. त्या रात्री बापूस म्हणाला, "पोरा, बस्त्यावचा नाव दगडावं बघाचा, मंग डोले मिटाचे. येवढाच राहिलाय." सकाळी मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. असं क्वचित होतं.

सोबतीला कचेरीतला दामू आला. दामू कल्याणचाच, त्याची मावशी तिथे राहते, आणि मावशीच्या हातच्या कोलंबीच्या खिचडीसाठी तो कुठल्याही धर्माच्या कामाला तयार असतो. तिसऱ्या वर्गाचं तिकीट तीनेक आण्यांचं. डब्यात बसायला फळी आहे, पण तिच्यावर बसण्यापेक्षा उभं राहणं सुखाचं. गाडी सुटली आणि दामूने विचारलं, "बस्त्याव मेला तेव्हा त्याचं लग्न झालेलं?"

"नाही. कोवळा पोर होता, असंच सांगतात."

"भाऊ, बहीण?"

"एकुलता एक."

"अरे मग तुम्ही कुठून आलात?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. हाच प्रश्न मी लहानपणी बापसाला विचारला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "देवाची करणी," आणि पाठीत एक धपाटा घातला होता. दामूला मी पहिला भाग सांगितला.

कल्याण गाव मोठं, तळं सुंदर, धूळ भरपूर. मावशींची खिचडी खाऊन आम्ही जबान्यांना निघालो. पहिले गृहस्थ निवृत्त शिरस्तेदार. जुनी दप्तरं त्यांच्या माळ्यावर आहेत असं ऐकलेलं. माळ्यावर काय आहे ते त्यांनी दाखवलं नाही, पण निकाल तयार होता. "पाद्रीला मारला? आपल्या राज्यात? छे छे! आपल्यात असलं होणं शक्यच नाही. ते त्याआधीच्या मुसलमानी अमलातलं असणार. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. तिथून तळ्यापलीकडे एक वृद्ध मुसलमान सौदागर राहतात, त्यांच्याकडे गेलो. अतिशय अदबीचा माणूस. सरबत पाजलं, पंखा घातला. मग कानाच्या पाळ्यांना हात लावून म्हणाले, "तौबा! आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी फकिराच्या अंगाला हात लावला नाही. ते फिरंग्यांचं आपसातलं भांडण असणार. लिवून घ्या, साहेब."

तेही लिहून घेतलं. एकूण पाद्री लुकासांना दुसऱ्यांच्या आजोबांनी मारलं, याबद्दल कल्याणात दुमत नाही. इंग्रजांनी मारलं असं मात्र कुणी म्हणालं नाही, कारण मी सरकारी नोकर. मी दामूला हसत हसत म्हणालो, "प्रत्येकाला आपला आजा संतच वाटतो बघ." दामू पान लावत होता. तो नुसता "हं" म्हणाला. मला तेव्हा त्या "हं"चा राग आला नाही, पण नंतर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेलो. तिथे कुणाला पाद्री माहीत नाही की नावाडी. मीठ, लाकूड, कौलं, आणि कौलांवर बसून विड्या ओढणारे खलाशी, एवढंच. मी कंटाळून परत आगगाडीकडे निघालो होतो. पण एक होडीवाला आपली होडी सोडताना थांबला, माडीच्या मडक्यातली ओंजळभर माडी पाण्यात ओतली आणि पुटपुटला, "पादरीबाबा, सांभाल रं."

मी जवळजवळ पाण्यातच उडी मारली. "कोण पादरीबाबा?"

"ह्यो आपला पादरीबाबा. कोलशेतचा. तुमाला ठाव नाय? त्याचा दगड हाय ना थं."

कोलशेत! कोलशेत आमच्या ठाण्याला खेटून. म्हणजे जे शोधायला मी उलट दिशेला कल्याणपर्यंत आलो, ते आमच्याच दारापाशी होतं. होडीवाला तिकडेच निघालेला. दोघांचे चार आणे म्हणाला, दामूने तीनवर आणलं, आणि आम्ही बसलो.

प्रवाशांसाठी सूचना: होडीवाला "सांजंला पोचू" म्हणाला तर कुठल्या सांजेला ते विचारून घ्यावं. ओहोटी धरून निघालो ते झकास चाललो. डाव्या हाताला ठाकुर्लीची खोपटी दिसली, त्यामागून आगगाडीचा धूर गेला. मग डोंबिवलीसमोर पाणी संपलं. संपलं म्हणजे संपलंच. होडी चिखलात बसली आणि होडीवाला निवांत आडवा झाला. "आता उद्याची व्हटी," म्हणाला. गुडघाभर चिखल तुडवत आम्ही डोंबिवलीत गेलो. गाव म्हणजे भातखाचरं, चार आळ्या आणि आमच्याकडे टक लावून बघणारी कुत्री. बघण्यासारखं काही नाही, आणि कधी होईल असंही वाटत नाही. एका आगरी घराच्या ओटीवर जागा मिळाली. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी अशी होती, की दामूने मावशीला मनातल्या मनात दुसरा नंबर दिला. पैसे घ्यायला घरची बाई तयार होईना. कोलशेतच्या पादरीबाबाकडे चाललोय म्हटल्यावर तर तिने सोबत एक नारळच दिला. "माज्या पोराचा ताप उतरला व्हता. माजा म्हनून फोडा."

हिंदू बाई, ख्रिस्ती पाद्री, आणि नारळ. विगारांना हे कसं सांगावं याचा विचार करत मी झोपलो.

तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या सुमारास, कोलशेतला लागलो. खाडीकाठी कोळ्यांची घरं, वाळत घातलेली जाळी, आणि काठावर एका चिंचेखाली गुडघ्याएवढा काळा दगड. त्यावर झिजलेला क्रूस, पुढे पणती, नारळाच्या करवंट्या. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदाने रडू आलं. बापसाचा दगड आता बसणार! दगडाशेजारी एक वल्हं जमिनीत उभं पुरलेलं होतं, चांगलं तेल पाजलेलं. मी त्याकडे लक्षही दिलं नाही. कोळीवाडा आहे, वल्ही असणारच.

गावचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आला. नाव धाकल्या. वय ऐंशीच्या पुढे असावं, पण थोरला भाऊ होता तोवर हा धाकल्या, आणि भाऊ गेल्यावर नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. मी कागद काढला, दौत उघडली. दामूने नारळ फोडला. धाकल्या तांडेल बोलू लागला.

"बाबाला आमच्या लोकांनी जाल्यांखाली लपवलेला. हाफ्त्याभर. मंग एका पाहाटंला वसईकडं न्याचा ठरला. नावाडी त्याचाच, ठाण्याचा. बस्त्याव."

मी मोठ्या झोकात "बस्त्याव" असं लिहिलं.

"बाबा व्हडीत बसला नि आमची येक म्हातारी मराला टेकलेली, ती बोलली, मना तुजा हात डोक्यावं पायजेल. तवा बाबा उतरला. तिच्या डोक्यावं हात ठेवतोय, तवर शिपाई दिसले. नि बस्त्याव गेला."

"गेला म्हणजे? मेला?"

"मेला कशाला? गेला! व्हडी लोटली नि गेला. येवढी घाय, का येकच वल्हा घेतला. दुसरा ह्यो हितं किनाऱ्यावं."

माझा टाक थांबला. म्हातारा आपल्याच नादात होता.

"शिपाई बोलले, ती गल्यातली क्रुसाची माल फेक, तुला सोडतो. बाबानं नाय फेकली. हितंच मारला त्याला. पन मरनाआधी आमची मान्सा बस्त्यावला शिव्या देवाला लागली, तवा बाबा बोलला, शिव्या नका देव. भ्याला बिचारा. त्याचा वल्हा ठेवा. येल तो." म्हाताऱ्याने त्या पुरलेल्या वल्ह्याला थोपटलं. "वल्हा कुजतो. कुजला का नवा करतो, तसाच. माज्या बापानं येक केला, ह्यो म्या केला. नारली पुनवंनंतर पयली व्हडी सुटते, तिच्यात येक जागा रिकामी ठेवतो. त्याची."

"अजून?" दामूने विचारलं.

"मंग? अजून आला कुठं तो?"

आणि मग म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी ठाण्याचे. त्याचा कोन हाय का थं? तुमी त्याचे कोन?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "सरकारी कामाने आलोय."

एवढं चटकन माझ्या तोंडून कचेरीतही खोटं निघत नाही. दामूने माझ्याकडे पाहिलंही नाही. करवंटीतलं खोबरं काढत बसला. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी कागदाची घडी घातली. त्यावर "बस्त्याव" एवढंच लिहिलेलं, पुढे कोरं. ठाण्याला मीठ घेऊन निघालेली एक बैलगाडी मिळाली, दोघांचे दोन आणे. गाडी झाडीतून चालली आणि मी बेत रचू लागलो. पुढचं लिहायचं काय, तर मेला. बिशप काय कोलशेतला येऊन बघणार आहेत? बापूस किती दिवसांचा सोबती? त्याचं सुख हिरावून मला काय मिळणार? सगळं अगदी बिनतोड होतं. मी चांगला कारकून आहे.

"दामू, तू काही बोलत का नाहीस?"

"मी काय बोलणार? खिचडीला आलेलो मी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "घाई मात्र तुमच्या घराण्यात आहे हं. एक वल्हं टाकून पळायची."

मला त्याचा असा संताप आला, की मी चालत्या गाडीतून उतरलो. गाडीवान ओरडला, "ओ साहेब, पैसे!" पैसे दामूने दिले. मी तोवर उलटा चालू लागलो होतो. कोलशेत फार मागे राहिलं नव्हतं, तरी पोचेस्तोवर घामाघूम झालो. म्हातारा चिंचेखालीच जाळं विणत बसला होता.

"तांडेल," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. मी बस्त्यावचा. त्याच्या घरचा."

मला वाटलं आता म्हातारा रडेल, नाहीतर थुंकेल. त्याने सुईतला दोरा ओढून घेतला, गाठ मारली, आणि म्हणाला, "लय उशीर केलास रं."

मग तो उठला आणि त्याने हाळी दिली. घराघरातून बाया, पोरं, माणसं बाहेर आली. "आला! बस्त्यावचा आला!" चार जणांनी मिळून ते वल्हं उपटलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, ठीक आहे, प्रसाद म्हणून घरी न्यायचं असेल. कसलं काय! मला होडीत बसवलं. नियमच तसा होता म्हणे: आला की त्याने आधी अर्धी राहिलेली फेरी मारायची, वसई लांब म्हणून नुसती पलीकडच्या काठापर्यंत आणि परत.

वाचकहो, मी टाक चालवतो. वल्हं मी जन्मात धरलं नव्हतं. होडी आधी गोल फिरली. मग उलटी गोल फिरली. मग एकदा मी वल्हं मारलं ते पाण्याला लागलंच नाही आणि मी पाठीवर पडलो. काठावर बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं तर लोळत होती. दामू तोवर आला होता, तो सगळ्यात जास्त हसत होता. धाकल्या तांडेल माझ्यासमोर बसून ओरडत होता, "वाकून! वाकून वलव! आरं, कारकुंड्या, पाठ मोडत नाय तुजी!" पलीकडच्या काठाला होडी लागली तेव्हा माझे दोन्ही तळवे सोलवटले होते, आणि मी हमसून हमसून रडत होतो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याने होडीतलं पाणी उपसलं आणि परत फिरायची वाट बघत बसला.

जबानी मी तिथेच पूर्ण केली, जशी सांगितली तशी. खाली धाकल्या तांडेलचा अंगठा. साक्षीदार म्हणून दामूची सही. वल्हं त्यांनी मला देऊन टाकलं. "आता ठेवून काय करू? तुजा हाय. आमची ती जागा बी मोकली झाली, तिथं माजा नातू बसंल."

विगारांनी कागद वाचला आणि म्हणाले, "उत्तम. पाद्रीसाहेबांचं तर पक्कं झालं. नाव एकच कोरायचं, म्हणजे पाथरवटाचंही काम हलकं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पहिल्या बाकाचं बघू." बघू म्हणजे काय, ते आमच्या देवळात सगळ्यांना कळतं.

राहिला बापूस. घरी गेलो तर तो होडीला रंगच देत बसलेला, सण जवळ आलेला. वल्हं मी भिंतीला टेकवलं आणि सगळं सांगितलं. वाटेत ते गोड करून सांगायचं ठरवलेलं, पण हातांची इतकी आग होत होती, की गोड काही सुचलं नाही. तो ऐकत राहिला. खोकला आला, तो थांबेपर्यंत मी थांबलो. मग त्याने माझे हात ओढून घेतले, उलटे करून तळवे बघितले, फोडांवरून अंगठा फिरवला.

"तू वलवलास?"

"हो."

"पार? नि परत?"

"हो. सगळी हसत होती."

त्याने कुंचला डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाला, "मंग तो आपल्यासाठी जगला म्हनाचा. नायतर आपून कुठसं आलो असतो?" मी लहानपणचा धपाटा विसरलो नव्हतो, पण ही वेळ नव्हती.

हा प्रवास तुम्ही करावा की नाही? करा. खिचडी उत्तम, चटणी त्याहून उत्तम, डोंबिवलीचा चिखल फुकट. मात्र ज्यांच्या घरात मोठा मूळपुरुष आहे त्यांनी आगगाडीनेच परत यावं. सणाच्या दिवशी आम्ही बापलेक दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. तिथे वारा बरा लागतो, बापूस कमी खोकला. होडी यंदाही माझ्याच डोक्यावर होती, कारण दुसरं कुणी ती घ्यायला पुढे आलं नाही. बस्त्याव आता गोरा नाही. बापसाने मिशाही उतरवल्या, पोरसवदा दिसतो, आणि घाबरलेला. हातातली झावळी आदल्या दिवशीच बापसाने छिनीने काढली. मग कोलशेतच्या वल्ह्याच्या टोकाची एक ढलपी काढून, दिवसभर खोकत खोकत, त्याने बोटाएवढं वल्हं कोरलं आणि ते त्याच्या हातात बसवलं.

बस्त्यावचं तोंड आजवर समोर, होडी जाते तिकडे असायचं. बापसाने ते मागे वळवलं, पाद्रीकडे.

"येवाला निघालाय तो," बापूस म्हणाला, आणि रंगाचा डबा बंद केला.